चाप लावलेली बरणी

मार्लिस लग्न करून हेलमरोडे गावात आली तेव्हा तिनं चाळिशी ओलांडली होती, आणि फरसबी डब्यातून मिळते एवढंच तिला ठाऊक होतं. तिचं माहेर श्ट्रालझुंडचं, समुद्राकाठचं. तिच्या आईनं जन्मात कधी बरणी भरली नव्हती. मासा ताजा, बाकी सगळं दुकानातलं. इथे आइक्सफेल्डच्या डोंगराळ मुलखात मात्र घराची पारख तळघरावरून व्हायची. फळीवर किती बरण्या, त्यांत काय, रस्सा किती नितळ, यावरून बायका एकमेकींना जोखायच्या. आणि नोटबुर्गाचं, म्हणजे मार्लिसच्या सासूचं तळघर सगळ्या गावात नावाजलेलं. फरसबी, नाशपाती, आलुबुखार, लाल कोबी, डुकराच्या मटणाच्या बरण्या. काचेच्या बरण्या, काचेचीच झाकणं, मध्ये रबरी कडी आणि त्या कडीला ओढायला बाहेर आलेली एक जीभ.

त्या वर्षी नोटबुर्गाची बोटं संधिवातानं वाकडी झाली. पातेलं उचलवेना. मग ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसली आणि सुनेला कामाला लावलं.

"चाप कशाला असतो, सांग बघू."

मार्लिसच्या हातात पोलादी चाप होता. बरणीच्या काठावर अडकवून झाकण दाबून धरणारा. "झाकण घट्ट राहायला."

"चूक. समुद्राकडच्यांना काय, जाळं टाकलं की जेवण." नोटबुर्गा बोलायची ते नेहमी असंच, आधी टोमणा मारून. "चाप असतो उकळीपुरता. बरणी गार झाली की सगळे चाप काढायचे. आतली हवा निघून गेलेली असते, म्हणून झाकण आपल्या जोरावर बसतं. आत काही नासायला लागलं तर वायू धरतो आणि झाकण आपोआप सुटतं. सुटलं की समजायचं, बरणी सांगतेय मला खाऊ नका. चाप तसाच ठेवलास तर तिचं तोंड बांधलंस. कळलं?"

"कळलं, आई."

"आणि माझ्या तळघरात झाकणं सुटत नाहीत. हेही कळू दे."

पण सुटलं. जूनमध्ये मार्लिसनं एकटीनं भरलेल्या स्ट्रॉबेरीच्या बरण्यांतली एक आठवड्यात सैल झाली. नोटबुर्गानं ती फेकली नाही. रविवारी चर्चहून आलेल्या बायका कॉफीला बसल्या होत्या, त्यांच्यासमोर केकशेजारी ती उघडी बरणी आणून ठेवली. वर बुरशीची पांढरी साय. "घ्या, आमच्याकडे आता समुद्राकाठची पद्धत आली आहे." शेजारची हिल्ट्रूड खो खो हसली. बाकीच्याही हसल्या. मार्लिसनं सगळ्यांना कॉफी ओतली, किटली जागेवर ठेवली आणि धुण्याच्या खोलीत जाऊन तोंडात टॉवेल कोंबून रडली.

तिचा नवरा गेरोल्ड तिथेच दारात उभा राहिला होता. सुतारकाम करणारा, मोठ्या हातांचा, कमी बोलणारा माणूस. "तिचं मनावर घेऊ नकोस," एवढंच म्हणाला. आईसमोर त्याचं तोंड लहानपणापासून कधी उघडलं नव्हतं. पण बायकोचं ते रडणं त्यानं पाहिलं आणि मनात कुठेतरी ठेवून दिलं.

घरात मार्लिसची बाजू घेणारा एकच माणूस होता, सासरा अलॉइस. पन्नाशीपर्यंत क्षारांच्या खाणीत राबलेला. खाणीत विडी-सिगारेटला बंदी, म्हणून सगळे तपकीर ओढायचे. खाण बंद पडल्यावरही त्यानं तपकीर सोडली नाही. नाकाला वास येणं कधीच बंद झालं होतं. दूध नासलंय का हे तो बायकोला विचारायचा. "पोरी," तो मार्लिसला म्हणायचा, "ती मला चाळीस वर्षं बोलतेय. मी खाणीत गेलो तो पगारासाठी नाही, शांततेसाठी."

ऑगस्टमध्ये फरसबी आली. मार्लिसनं ती निवडली, तोडली, उकळली, बरण्यांत भरली, पुन्हा उकळली. गार झाल्यावर एकूण एक चाप काढून धुतले, पुसले आणि तारेला अडकवले. मग नोटबुर्गानं शिकवलं होतं तसं प्रत्येक बरणी नुसत्या झाकणाला धरून उचलून पाहिली. सगळी झाकणं पक्की. नोटबुर्गानं स्टुलावरूनच बघितलं आणि काही बोलली नाही. तिच्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी मिळत नसे.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला नोटबुर्गा अंगणातल्या ओल्या पानांवरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. हाइलिगनश्टाटच्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली, आणि तिथून तिला चालायचा सराव करून घ्यायला दूरच्या एका आरोग्यगृहात नेलं. घरात दोन पुरुष आणि मार्लिस उरले. मार्लिस गावच्या बालवाडीत मुलांचा स्वयंपाक करायची, गेरोल्ड कामावर जाताना पाव-सॉसेज बांधून न्यायचा. दुपारी अलॉइस एकटाच.

एका गुरुवारी ती बालवाडीतून परतली तेव्हा म्हातारा स्वयंपाकघरात ॲप्रन बांधून बसला होता, लग्नातल्या नवरदेवासारखा खूश.

"आज मी स्वयंपाक केला!"

"बाबा, तुम्ही? घर शाबूत आहे ना?"

"चेष्टा कर. तळघरातून फरसबी आणली. अगदी मागची घेतली. तुझी सासू सांगतेच ना, मागचं आधी संपवायचं. वर कांदा, व्हिनेगर, तेल. अशी कोशिंबीर तुमच्या समुद्रावर नाही मिळायची. आणि उघडलीही किती सहज! नोटबुर्गा उगाच ती रबराची जीभ ओढून ओढून दमते. तुझ्यासाठी ठेवली आहे वाडग्यात."

मार्लिस बूट काढत होती. दिवसभर लहान मुलांच्या गलक्यात डोकं उठलं होतं. त्याचं अर्धं बोलणं तिच्या कानावर पडलं, अर्धं वाहून गेलं. "मी जेवून आले बाबा, उद्या खाईन," म्हणाली, वाडगं फ्रिजमध्ये सरकवलं आणि बेसिनमधली रिकामी बरणी विसळून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अलॉइस कॉफी ओतायला गेला आणि कपाच्या बाजूला ओतली. टेबलावर, मांडीवर. तरी हसत होता.

"पोरी, आज दोन मार्लिस दिसतायत. एक होती तीच पुरेशी होती."

तोंडाला कोरड पडली होती. पाण्याचा घोट घेतला तो नाकातून आला. दुपारपर्यंत पापण्या खाली उतरल्या, दोन्ही. बोलणं दारू प्यायल्यासारखं अडखळायला लागलं. गावचा डॉक्टर आला, बहुधा अर्धांगाचा झटका आला असावा म्हणाला आणि गाडी बोलावली. इस्पितळात एका तरुण डॉक्टरीणबाईनं म्हाताऱ्याच्या पापण्या बोटानं वर केल्या, त्याला हात दाबायला सांगितला, जीभ दाखवायला सांगितली, आणि वळून मार्लिसला विचारलं, "यांनी काय खाल्लं? घरी बरण्यांत घालून ठेवलेलं काही?"

तेव्हा मार्लिसच्या कानात ते वाक्य परत उमटलं. उघडलीही किती सहज. 

"फरसबी," ती म्हणाली. "मी भरलेली."

विषावरचा उतारा दुसऱ्या शहरातून मागवावा लागला. तो टोचेपर्यंत विष खाली खाली उतरत गेलं होतं, डोळ्यांतून घशात, घशातून छातीत. अलॉइसला श्वासाच्या यंत्राला जोडलं. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन सांगून गेल्या, "एक लक्षात ठेवा. ते झोपलेले दिसतात, पण झोपलेले नाहीत. डोकं पूर्ण शाबूत आहे. सगळं ऐकू येतं, सगळं कळतं. फक्त हलता येत नाही. त्यांच्यासमोर काहीबाही बोलू नका."

मार्लिस रोज बालवाडीतून थेट तिकडे जायची. खुर्ची ओढून बसायची आणि बोलायची. कोंबड्यांचं, पावसाचं, हिल्ट्रूडच्या कुत्र्याचं. मग अंगठ्यानं हळूच त्याची उजवी पापणी वर करायची. आतून डोळा तिच्याकडे बघायचा. जिवंत, ओला, ओळखीचा. थोडा वेळ तसंच धरायचं, मग डोळा कोरडा पडू नये म्हणून सोडायचं. पापणी पडदा पडावा तशी पडायची. एकदा गेरोल्ड आला होता. मार्लिस म्हणाली, "तू धर ना. तुला बघू दे त्यांना." गेरोल्डनं हात पुढे केला, बापाच्या कपाळापर्यंत नेला, आणि एकदम वळून खोलीबाहेर निघून गेला. मार्लिस गेली तेव्हा तो जिन्यात भिंतीकडे तोंड करून उभा होता. बिचाऱ्याला बघवत नाही, असं तिला वाटलं.

नोटबुर्गानं आरोग्यगृहात आकांत मांडला, तेव्हा आठवड्याभरानं तिला घरी आणून सोडलं. दोन काखांत दोन कुबड्या घेऊन ती स्वयंपाकघरात आली. सोबतीला हिल्ट्रूड होती. नोटबुर्गानं ओट्यावरून नजर फिरवली, मग खिडकीच्या कट्ट्यावरून. तिथे जिरेनियमच्या कुंडीमागे काहीतरी पडलं होतं. तिनं कुबडी भिंतीला टेकवली, हात घातला, मुठीत घेऊन बघितलं आणि ॲप्रनच्या खिशात टाकलं. बराच वेळ ती तशीच पाठमोरी उभी होती.

मग वळली. "चाप होते बरणीवर. इथे काढून ठेवलेत म्हाताऱ्यानं. त्याला काय कळतं त्यातलं!"

"नाही, आई," मार्लिस म्हणाली. "मी सगळे काढले होते. तुमच्यासमोर काढले."

"मग हे आकाशातून पडले?"

"मी शपथेवर सांगते..."

"तुमच्याकडे शपथ कशावर घेतात? माशावर?"

हिल्ट्रूडनं या वेळी हसायचं टाळलं, पण तिच्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं. संध्याकाळच्या आत ते गावात पोचलं. हे सगळं चालू असताना गेरोल्ड तिथेच टेबलाशी सूप पीत होता. त्यानं चमचा खाली ठेवला नाही आणि मान वरही केली नाही.

दोन दिवसांनी आरोग्य खात्याचा माणूस आला. वाडग्यातली फरसबी त्यांनी आधीच नेली होती, विष तिच्यातच सापडलं होतं. आता उरलेल्या सगळ्या बरण्या न्यायच्या होत्या. मार्लिस त्याच्याबरोबर तळघरात उतरली. ती एकेक बरणी काढून द्यायची, तो पेटीत ठेवायचा. झाकणं सगळी आपल्या जोरावर बसलेली, एकावरही चाप नाही. तिला धीर येत चालला. बघा, म्हणावंसं वाटत होतं, बघा या.

मग अगदी मागे, नाशपातीच्या बरण्यांच्या आड, तिचा हात पोलादाला लागला.

तिनं बरणी उजेडात आणली. आतला रस्सा गढूळ होता आणि शेंगांच्या मधून बुडबुडे वर चढून झाकणाखाली साचले होते. झाकणावर दोन चाप. पण तारेला टांगलेले, तिनं स्वतः धुतलेले नव्हेत. हे रुंद, जुने, गंजून तपकिरी झालेले. नोटबुर्गाच्या सासूच्या वेळचे. असे चाप या घरात एकाच ठिकाणी होते. अंगणापलीकडच्या सुतारखोलीत, पत्र्याच्या डब्यात. गेरोल्ड सरस लावलेल्या पट्ट्या सुकेपर्यंत दाबून धरायला ते वापरायचा.

"ही एक राहिलेली दिसते," आरोग्य खात्याचा माणूस म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, कीव होती. "होतं असं. सवय नसली की."

 आधी गेरोल्डला विचारायला हवं, असं मार्लिसला वाटलं. नवरा आहे आपला. आधी त्याला.

गेरोल्ड रंधा मारत होता. ती दारात आली तेव्हा त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि रंधा बाजूला ठेवला. विचारायची गरजच पडली नाही.

"दोन होत्या," तो म्हणाला. "ऑक्टोबरमध्ये बटाटे आणायला गेलो होतो. दोन झाकणं सैल झाली होती. नुसती वर टेकलेली."

"मग?"

"मला ती स्ट्रॉबेरी आठवली. आई पुन्हा टेबलावर आणून ठेवेल म्हटलं. तू पुन्हा टॉवेल तोंडात घालून... म्हणून झाकणं दाबली आणि चाप लावले. मागे सरकवून ठेवल्या. तुला सांगणार होतो."

"उकळल्यास?"

"नाही. उकळायच्या असतात?"

"फेकायच्या असतात, गेरोल्ड! फेकायच्या! म्हणून तर सुटतात त्या!"

"मला कुठे माहीत होतं? मला कुणी कधी स्वयंपाकघरात उभं केलं? बरणी उघडी पडली की झाकायची, एवढंच मला समजतं. खिडकी उघडी राहिली की आपण लावतो ना?"  त्यानं दोन्ही हात काखेत दाबून धरले. "तुझ्यासाठी केलं गं."

मार्लिस लाकडाच्या ओंडक्यावर बसली. खाली भुसा होता, ताज्या लाकडाचा वास येत होता. त्याच्यावर ओरडावं की त्याला जवळ घ्यावं, तिला कळेना. शेवटी तिनं विचारलं, "आईंना कधी सांगणार?"

"बाबा बरे होऊ देत. मग सांगतो. आत्ता सांगितलं तर ती जागेवर मरेल. मुलानंच बापाला... मार्लिस, थोडे दिवस. तुझ्या पाया पडतो."

तिनं थोडे दिवस दिले.

अलॉइस बरा झाला नाही. बोटं हलायला लागली होती, डॉक्टरांना आशा वाटू लागली होती, तेवढ्यात छातीत पू झाला. शेवटच्या दुपारी मार्लिसनं पापणी वर केली तेव्हा डोळा तिच्याकडे वळला नाही. छताकडेच राहिला. दुसऱ्या दिवशी इस्पितळातून फोन आला.

अंत्यविधीला खाणीतले जुने सोबती काळे गणवेश घालून आले होते. त्यांनी पेटी खांद्यावर घेतली, गेरोल्ड पुढच्या डाव्या कोपऱ्याला होता. कबरीशी लोक रांगेनं येऊन नोटबुर्गाचा हात धरत होते, गेरोल्डचा धरत होते. मार्लिसपाशी आले की मान लववायचे आणि हात खिशातच ठेवायचे. पोलीस एकदा घरी येऊन प्रश्न विचारून गेले. नजरचूक म्हणून प्रकरण मिटलं. कायद्यानं मिटलं.

डिसेंबरात बालवाडीच्या मुख्य बाईंनी तिला बोलावलं. टेबलावर मुलांनी कापलेले कागदी तारे पडले होते, बाई ते उगाच इकडचे तिकडे करत होत्या.

"मला काही वाटत नाही गं, खरंच. पण पोरांच्या आया. डबे घरून द्यायला लागल्या आहेत. परवा एकीनं मुलाला सांगून ठेवलं होतं, त्या बाईच्या हातचं पाणीसुद्धा पिऊ नकोस म्हणून. मी काय करू, सांग."

मार्लिसनं ॲप्रनची घडी केली आणि ठेवून दिली. वाटेत तिला वाटलं, आत्ता मागे फिरावं आणि सांगावं, मी नाही. पण मग कोण, हे सांगावं लागलं असतं.

तिनं गेरोल्डला मृत्यूनंतर सहा आठवड्यांनी होणाऱ्या प्रार्थनेपर्यंत मुदत दिली. "त्या दिवशी सगळे असतील. तू बोल. मी तुझ्या शेजारी उभी राहीन." त्यानं होकारार्थी मान हलवली. तो बारीक झाला होता, जेवण जात नव्हतं. मृतासाठीची ती प्रार्थना झाली, लोक चर्चच्या दालनात कॉफीला जमले. मार्लिसनं मलईचा केक केला होता, या मुलखातला, नोटबुर्गाच्याच हाताखाली शिकलेला. टेबलावर इतर बायकांचे केक संपत गेले. तिचा ताटात जसाच्या तसा राहिला. एकाही सुरीनं त्याला शिवलं नव्हतं. हिल्ट्रूड कॉफीची किटली घेऊन फिरताना तो केक हळूच कडेला सरकवायची, जणू तिथे सांडलेलं काही आहे.

मार्लिसनं गेरोल्डकडे पाहिलं. गेरोल्डनं कपात पाहिलं.

तेव्हा ती उठली, आपल्याच केकचा एक तुकडा कापला आणि सगळ्यांच्या देखत उभ्यानं खाल्ला. शेवटच्या कणापर्यंत. 

दुसऱ्या दिवशी सकाळी गेरोल्ड कामावर गेल्यावर ती नोटबुर्गासमोर जाऊन बसली. म्हातारी खिडकीशी बटाटे सोलत होती. वाकड्या बोटांनी, सावकाश.

"आई, ते चाप मी लावले नव्हते. गेरोल्डनं लावले. झाकणं सुटलेली त्यानं पाहिली आणि मला बोलणी बसू नयेत म्हणून लावले. त्यानं मला स्वतः सांगितलंय."

सुरी थांबली नाही. बटाट्याचं साल लांबत गेलं.

"माहीत आहे मला," नोटबुर्गा म्हणाली.

मार्लिसला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"खिडकीत सापडले तेव्हाच ओळखले. माझ्या सासूचे चाप मी ओळखणार नाही? त्याच्या डब्यातले. त्याच वेळी कळलं."

"आणि तरी तुम्ही हिल्ट्रूडसमोर..."

"हिल्ट्रूड होती म्हणूनच. काहीतरी बोलायलाच हवं होतं. ती विचारणार, मग मीच आधी बोलले." तिनं बटाटा पाण्यात टाकला. "माझा नवरा गेला. मुलगा एकच आहे. त्याला या गावात राहायचंय, लोकांच्या घरांची दारं करायची आहेत. बापाला मारणाऱ्याकडून कोण दार करून घेईल? तू परक्या मुलखातली. तुला सोसेल. नाही सोसलं तर तुला परत जायला घर आहे. त्याला कुठे आहे?"

मार्लिसला खूप काही बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते निराळंच. "तुम्ही ती स्ट्रॉबेरी टेबलावर ठेवली नसती, आई, तर त्यानं चाप लावले नसते."

आता सुरी थांबली. नोटबुर्गाचा चेहरा पहिल्यांदाच म्हातारा दिसला.

"माझ्याही सुटायच्या," ती हळू म्हणाली. "दर वर्षी दोन-चार. सगळ्यांच्याच सुटतात. कुणी उठायच्या आत मी खताच्या खड्ड्यात ओतून यायची. माझ्या सासूनं मला एकदा सगळ्यांसमोर..." पुढचं तिनं गिळलं. सुरी पुन्हा चालू लागली. "जेवायला थांबणार आहेस का?"

"नाही," मार्लिस म्हणाली.

तिनं एक सुटकेस भरली. वाटेत गेरोल्ड ज्या घराचा जिना बसवत होता तिथे गेली, त्याला बाहेर बोलावलं. "आईंना सगळं माहीत आहे. पहिल्यापासून. तू कुणासाठी गप्प बसला होतास?" तो तोंडातले खिळे हातात काढून घ्यायलाही विसरला. ते ओठांत धरूनच बघत राहिला. "मी बहिणीकडे जाते. तुला यायचं तर ये. पण आधी गावाला सगळं सांगून ये." बस आली, ती चढली.

श्ट्रालझुंडला बंदराजवळच्या मासळीच्या कारखान्यात तिला काम मिळालं. तिथे तिच्याबद्दल कुणाला काही ठाऊक नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत बायका एकमेकींच्या डब्यात हात घालायच्या, तिच्याही. पहिल्यांदा कुणीतरी तिचा पाव उचलून खाल्ला तेव्हा मार्लिसला उठून बाहेर जावं लागलं होतं.

ईस्टरनंतर गेरोल्डचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

"मी सांगितलं, मार्लिस. रविवारी. चर्चच्या पायऱ्यांवर, सगळ्यांसमोर. चाप मी लावले म्हणून सांगितलं. तुझा काही दोष नाही म्हणून."

 "मग?"

"कुणाला पटत नाही." तो हसल्यासारखं काहीतरी करत होता. "खांद्यावर हात ठेवतात. म्हणतात, गेरोल्ड, तू भला माणूस आहेस. बायको सोडून गेली तरी तिचं पाप आपल्या डोक्यावर घेतोस. हिल्ट्रूड तर रडली. मी ओरडलो त्यांच्यावर. ओरडलो की त्यांना अजूनच पटतं."

"आई होत्या तिथे?"

"होती."

"त्या सांगू शकतात. त्यांनी चाप पाहिलेत. त्या काय म्हणाल्या?"

 पलीकडे एक खुर्ची सरकल्याचा आवाज, भांड्याचा आवाज. तो घरातूनच बोलत होता.

"म्हणाली, चल पोरा, जेवण गार होतंय."

मार्लिस बहिणीच्या पॅसेजमध्ये उभी होती.  "तू जेवतोस ना नीट?" तिनं विचारलं, आणि विचारल्यावर तिलाच स्वतःचा राग आला.

"जेवतो," गेरोल्ड म्हणाला. "ती वाढते, मी जेवतो."

तो आला नाही. पुढल्या वर्षी एकदा येतो म्हणाला, गाडीची वेळही कळवली. मार्लिस स्टेशनवर गेली, गाडी रिकामी होईपर्यंत थांबली आणि पायी घरी परतली. तिनं पुन्हा फोन केला नाही.